महिन्याभरात डबल बेस? एका बेसवाल्याचं पत्र

मा. संपादक,

स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाद्यांवर पानभर मजकूर आला, बरं वाटलं, एरवी आमच्यासारख्या मागे उभं राहून वाजवणाऱ्यांची आठवण कोणाला येते. पण त्यात दोन गोष्टी खटकल्या आणि त्यातली एक तर रात्रभर डोक्यात वाजत राहिली, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री तुमच्याच हातात आहे.

पहिली साधी. फोटोखाली चेलो असं छापलंय, तो चेलो नाही हो. फोटोतली मुलगी उभी आहे, वाद्य तिच्या डोक्याच्या वर गेलंय, खांदे बघा कसे बाटलीसारखे उतरते आहेत आणि वरती साध्या लाकडी खुंट्यांच्या जागी दातेरी चक्रं आहेत, तो डबल बेस आहे, व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात खर्जातलं वाद्य. चेलो बसून, गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात. आणि लावण्यातही फरक, चेलोच्या शेजारच्या दोन तारांत सा-पचं नातं, डबल बेसच्या तारांत सा-मचं. असो, ह्यात घाईत कोणाचीही चूक होते.

दुसरी गोष्ट मात्र सोडवत नाही. लेखात म्हटलंय की ज्याला बेस गिटार येते त्याला डबल बेस महिन्याभरात जमतो, कारण चार तारा त्याच. मी डोंबिवलीत राहतो, नोकरी पतपेढीत आणि बावीस वर्षं बेस गिटार वाजवतोय, ऑर्केस्ट्रा, हळदी, गणपती, नवरात्र, जिथे सुपारी मिळेल तिथे. तीन वर्षांपूर्वी मी अगदी ह्याच भरवशावर डबल बेस घेतला होता. तारा त्याच हे शंभर टक्के खरं, ई ए डी जी, क्रमसुद्धा तोच, सगळ्यात खालची ई दोन्हीकडे ४१ हर्ट्झच्या आसपास, नोटेशन दोघांचं एकाच बेस क्लेफमध्ये (खालच्या सुरांसाठी ओळींच्या सुरुवातीला काढायची खूण) आणि दोन्ही वाद्यं लिहिलंय त्याच्या एक सप्तक खाली वाजतात. कागदावर बघाल तर सख्खी भावंडं. मीही कागदावरच बघितलं होतं.

आता हाताचं ऐका. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बेस गिटारची तार ३४ इंच, माझ्याही गिटारची तेवढीच. डबल बेस आपण सहसा बघतो तो थ्री-फोर्थ साइझचा, म्हणजे नावाने पूर्ण मापाचापण नाही, तरी त्याची तार जवळपास ४२ इंच. आठ इंचांचा फरक काय तो, असं वाटतं, पण बोटांना विचारा. गिटारवर आम्ही एका फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला, एक बोट लावतो, पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत साधारण तेरा सेंटिमीटर, जमतं. तेच चार सूर डबल बेसवर सोळा सेंटिमीटरवर पसरलेले, तारा जाड आणि फळीपासून उंच, हात तेवढा फाकत नाही आणि हट्टाने फाकवला तर आठ दिवसांत मनगट बोलायला लागतं, माझं लागलंच. म्हणून फ्रान्झ सिमांडल नावाच्या मास्तरांनी १९ व्या शतकात व्हिएन्नात जी पद्धत लिहून ठेवली तीच अजून बहुतेक ठिकाणी शिकवतात. तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी, बस. अनामिका स्वतःचा सूर घेत नाही, ती करंगळीच्या मदतीला नुसती शेजारी टेकते. चार बोटांत तीन सूर! म्हणजे बावीस वर्षं ज्या चार फ्रेटच्या चौकटीवर मी धंदा केला, अख्खं मेजर स्केल हात न हलवता वाजवायचं ती चौकट, तीच पहिल्या दिवशी मोडली. आता हात सतत सरकवायचा आणि सरकवून कुठे थांबायचं ते सांगायला खाली फ्रेट नाही. तर्जनीवर सा आणि मध्ये एक तार सोडून करंगळीवर वरचा सा, ही पकड तेवढी जशीच्या तशी राहते, परक्या गावात आपल्या आळीतलं कोणीतरी भेटावं तसं झालं मला ते कळलं तेव्हा.

उजव्या हाताचं तर विचारूच नका. गिटारवर बोटाचं टोक, दोन बोटं आळीपाळीने, टकटकटक. इथे तर्जनी आडवी करून तिच्या कडेने तार ओढायची, अख्ख्या दंडाचं वजन घालून. पहिल्या आठवड्यात तर्जनीच्या कडेला बोराएवढा फोड आला, तो फुटला, त्याच्यावर दुसरा आला, आणि पतपेढीत नोटा मोजताना कॅशियर विचारतो काय रे भाजलं का. हो म्हणालो, कोणाला समजावणार.

शिकायला माहीमला जायचो, एक गोवेकर अंकल आहेत, वय अठ्ठ्याहत्तर, तरुणपणी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसलेले, आता गुडघे गेलेत म्हणून उंच स्टुलावर बसून वाजवतात. पहिल्या दिवशी मी रुबाबात एक वॉकिंग लाइन, म्हणजे ठोक्याठोक्याला सूर बदलत चालणारी बेसची ओळ, वाजवून दाखवली. त्यांनी ऐकून घेतली, मग माझा डावा अंगठा धरला, वाद्याच्या मानेपासून बाजूला केला आणि म्हणाले, "बाबा, अब बजा." अंगठा काढल्यावर काहीच वाजेना. गिटारवर आम्ही अंगठा आणि बोटं ह्यांच्या चिमट्यात तार दाबतो, ती इतकी सवय झालेली की आपण दाबतोय हेच कळत नाही. अंकल म्हणाले, "दबाता क्यूं है, लटक. हात को लटकने दे." म्हणजे बोटं तारेवर अडकवायची आणि कोपरासकट हात खाली सोडायचा, वजनच तार दाबतं. ऐकायला सोपं आहे. मला चार महिने लागले. चार. तुमच्या लेखकाचा महिना तिथेच चार वेळा संपला.

आणि मग गज. मला गज शिकायचाच नव्हता, मला बोटांनीच वाजवायचं होतं, जॅझमध्ये वाजवतात तसं, मी तसं सांगितलंसुद्धा. अंकल ऐकेनात, दोन महिने फक्त गज, तोही मोकळ्या तारांवर. गज धरायच्या दोन तऱ्हा आहेत, फ्रेंच म्हणजे वरून, चेलोवाले धरतात तशी, आणि जर्मन म्हणजे खालून, हस्तांदोलन केल्यासारखी, माझी जर्मन. गजाच्या केसांना राळ घासावी लागते, ती व्हायोलिनची चालत नाही, डबल बेसची वेगळी मिळते, मऊ आणि चिकट, ती मे महिन्यात डोंबिवलीत काकवीसारखी वाहते, एकदा गादीवर राहिली तर चादर अजून तशीच आहे, बायको पाहुण्यांना दाखवते. पण गज का, ते नंतर कळलं. बोटाने ओढलेला सूर धप्पकन येतो आणि विरतो, थोडा इकडेतिकडे असला तरी खपून जातो. गजाने सूर लांब होतो आणि लांब सुरात लपायला जागा नसते.

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू राहतात, शास्त्रीय गाणं शिकवतात, चाळीसेक वर्षं तरी शिकवत असतील. माझी बेस गिटार त्यांना कधी ऐकूच गेली नाही, मी हेडफोन लावून वाजवतो. डबल बेस मात्र स्लॅबमधून खाली उतरतो. मला वाटलं तक्रार येणार. पंधरा दिवसांनी काकू खरंच वर आल्या, दारातच म्हणाल्या, "अरे तो खर्जाचा रियाज कोण करतंय?" मी म्हटलं काकू मीच, सॉरी. त्या म्हणाल्या, "सॉरी कशाला, रियाज चांगला आहे, पण तुझा गंधार रोज चढतोय."

मी मोबाइलवर ट्यूनर लावून बसायचो हो. सुई मधोमध, हिरवा दिवा, मगच पुढचा सूर. त्यांना दाखवला. त्यांनी दिव्याकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणाल्या तंबोरा लाव. मी तंबोऱ्याचं अ‍ॅप पांढरी पाचवर लावलं, मोकळ्या जी तारेचा सा धरून, आणि ए तारेवर तर्जनीने गंधार, गजाने, लांब. हिरवा दिवा पेटला आणि काकूंच्या कपाळावर आठी. "उतर. अजून. थोडा उतर. हां!" आणि त्या हां बरोबर असं झालं की तंबोरा आणि माझा सूर एकमेकांत विरघळले, लाकूड पोटाला लावलेलं असतं ना, ते पोटात गुणगुणायला लागलं. बोट कुठे आलं म्हणून बघितलं तर आधीच्या जागेपासून खुंट्यांच्या दिशेने पाऊण सेंटिमीटर वर सरकलेलं. ट्यूनर लाल.

ह्यात जादू काही नाही, हिशोब आहे. कीबोर्ड, गिटारचे फ्रेट, ट्यूनर, सगळे सप्तकाचे बारा सारखे तुकडे करतात, म्हणजे कुठल्याही पट्टीत वाजवलं तरी सगळं सारखंच थोडं थोडं चुकेल आणि कुठेच फार चुकणार नाही. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार आपोआप उमटतो तो ह्या फ्रेटवाल्या गंधारापेक्षा १४ सेंट खाली असतो, एका अर्ध्या सुराचे १०० सेंट धरले तर १४. गिटारवर तार ओढून सूर चढवता येतो, उतरवता नाही येत, म्हणजे मला हवा असता तरी तो गंधार माझ्या बेस गिटारवर नव्हताच. बावीस वर्षं मी माझा सूर ऐकलाच नव्हता, फ्रेट ऐकायचे, मी फक्त तार दाबायचो. हे कळलं त्या रात्री थोडं वाईटच वाटलं, खरं सांगतो.

अंकलना हे सांगितलं तर ते हसले, म्हणाले, "कीबोर्ड के साथ कीबोर्ड का, व्हायोलिन के साथ कान का." म्हणजे सोबतीला पियानो असेल तर गंधार त्याच्या जागी ठेवायचा, नुसती तारेची वाद्यं असतील तर कानाच्या जागी. एकाच सुराच्या दोन जागा आणि कुठली घ्यायची ते त्या क्षणी ठरवायचं. आता सांगा, महिन्याभरात?

गंमत बघा, बेस गिटारचा जन्मच ह्या कटकटीतून सुटायला झालाय. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडरने जी काढली तिचं नावच प्रिसिजन, कारण फ्रेट घातले की सूर अचूक आणि वाद्य खांद्याला लावून न्यायचं, वर अ‍ॅम्पमधून ड्रमच्या वरून ऐकू येणार. त्यानंतर बहुतेक लोक डबल बेसवरून बेस गिटारवर आले. डेट्रॉइटचे जेम्स जेमरसन, मोटाउन ह्या रेकॉर्ड कंपनीच्या कित्येक हिट गाण्यांचा बेस ज्यांचा, ते शाळेत डबल बेस शिकलेले आणि फेंडरवरसुद्धा उजव्या हाताच्या एका तर्जनीनेच वाजवत राहिले. आपल्याकडेही तसंच. १९३५ साली लिऑन अ‍ॅबींचा जॅझ बँड मुंबईत ताजमध्ये आला, गोव्याची पोरं ते ऐकून ऐकून जॅझ शिकली आणि रात्री हॉटेलात वाजवणारी तीच मंडळी दिवसा स्टुडिओत बसायला लागली. अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसूझा ह्यांनी पन्नास-साठच्या दशकात हिंदी सिनेमाच्या गाण्यांना जो भरगच्च वाद्यमेळ दिला त्याच्या तळाला हा डबल बेस आहे, जुनी क्लबची गाणी चांगल्या हेडफोनवर ऐका, सापडेल. मग बेस गिटार आली आणि डबल बेस मागे पडला. अंकल म्हणतात एका वर्षात बोलावणं बंद झालं, गिटार घेतली तेव्हा परत सुरू झालं. ते उलटे गेले, मी सुलटा परत आलो, की उलट, देव जाणे. गोव्यात अजून जुन्या लोकांना त्याचं पोर्तुगीज नाव आठवतं, रबेकांव.

आणि आपल्या पेपरांचंपण एक सांगू का, राग मानू नका. २०२४ च्या फेब्रुवारीत उस्ताद झाकीर हुसेन आणि राकेश चौरसियांना ग्रॅमी मिळालं तेव्हा सगळीकडे मोठमोठे मथळे, मिळालेच पाहिजेत, अभिमानच आहे. पण दोघांना ज्या अल्बमसाठी ते मिळालं त्यात बेंजोवर बेला फ्लेक आणि डबल बेसवर एडगर मेयर होते, चौघांचं काम होतं ते. मी बघितलेल्या मराठी बातम्यांत मेयरांचं नाव शोधून थकलो. बासरीच्या खाली गजाने धरलेला तो लांब सूर ऐका एकदा, आमच्या काकूंनी ऐकला आणि म्हणाल्या ह्याला गाणं येतं.

सामानाची रडकथा थोडक्यात. सहा फूट उंची, वजन गिटारच्या तिप्पट नसलं तरी खोका केवढा तो. घेतलाय सेकंडहँड, प्लायवूडचा, कारण अखंड लाकूड कोरून केलेला आपल्या हवेत, एकदा पावसाळा आणि एकदा एसी हॉल, तडा जायची भीती. तारांचा एक सेट सोळा हजारांना पडला, गिटारचा दोन हजारांत येतो. रिक्षात बसत नाही, मग डोंबिवली ते माहीम लोकलच्या मालडब्यातून, दादरला बदलून, दुपारच्या स्लोने. तिथे पाट्या घेऊन बसलेली एक कोळीण मावशी म्हणाली, "कपाट कशाला निजवून नेतोस रे?" आता ओळख झालीय, पाट्या सरकवून जागा करते, आणि जागा केली की घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) नीट आहे ना ते पण विचारते, तिला वाटतं ते नाव मी गंमत म्हणून सांगितलंय.

पहिला प्रोग्राम ठाण्याला केला, जुनी भावगीतं, लहान हॉल. साउंडवाला पोरगा वायर घेऊन वाद्याभोवती दोन फेऱ्या मारून विचारतो, "दादा, जॅक कुठे लावू?" शेवटी माइक समोर ठेवला. पहिल्या गाण्यात माझा आणि डग्ग्याचा चिखल झाला नुसता. गिटारवर सूर धरून ठेवता येतो, मी तसाच धरायला गेलो, डबल बेसचा सूर डग्ग्याच्या घुमाऱ्यात जाऊन बसला आणि दोन्ही गेले. तबलजीने मानेनेच खुणावलं, कमी कर. मग दुसऱ्या गाण्यापासून समेवर एक आणि मध्ये एक, बाकी गप्प. ते गप्प राहणं गिटारवर मी कधी केलं नव्हतं, रिकामी जागा दिसली की भरायची हीच सवय. मध्यंतरात एक आजोबा स्टेजवर येऊन लाकडाला हात लावून गेले, काही बोलले नाहीत.

तर लेखकाचं सगळं चूक म्हणत नाही मी. ताल, कॉर्डची समज, कुठल्या सुराखाली कुठला सूर टाकायचा, हे सगळं गिटारमधून आयतं येतं आणि मोकळ्या तारांच्या पट्टीत, जी किंवा डीमध्ये, साधं दोन ठोक्यांचं गाणं महिन्याभरात वाजतं, मीही वाजवलं होतं, घरच्यांनी टाळ्याही वाजवल्या. फ्रेट नसलेली बेस गिटार आधी घेतली तर मदत होते का असं मला पोरं विचारतात, होते थोडी, पण तिच्यातल्या बऱ्याच मॉडेलवर फ्रेटच्या जागी रेघा मारलेल्या असतात आणि आपण रेघा वाचत बसतो. माझं म्हणणं एवढंच की तारा त्याच हे वाचून कोणी पोरगा कर्ज काढून वाद्य आणेल आणि दुसऱ्या महिन्यात आपल्यालाच येत नाही असं समजून ते पलंगामागे उभं करून ठेवेल. असे पलंगामागे उभे असलेले दोन मला माहीत आहेत, एकाचा मालक तर गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून त्याच्यावरची फक्त चादर बदलत राहतो. शाळा, चर्च, जुने क्लब, कोणाच्या माळ्यावर असा पडून असेल तर विकू नका, आठवड्यातून दोन तास कोणालातरी वाजवू द्या, आधी हात लावून बघितल्याशिवाय घेऊ नये असं वाद्य आहे ते.

आणि लेखकमहाशयांना माझं आमंत्रण कळवा. माझ्याकडे वाद्य आहे, राळ आहे, उंच स्टूल आहे. फी नाही. येताना ट्यूनर आणायची गरज नाही, काकू खाली आहेतच. महिना लावा.

आपला,
एक बेसवाला, डोंबिवली (पूर्व)